आमच्या बोकडाचं पुस्तक

मी मूळची मंगळवेढ्याकडची, दिलं सांगोल्याकडच्या एका वाडीत. आमी धनगर माणसं, माहेरात बी मेंढरं आन् सासरात बी मेंढरंच, फरक काय तर हितं सासूची मेंढरं. शाळा मी लांबनंच बगितलेली. पुस्तक म्हटलं की मला वाटायचं त्यात देवाचं न्हायतर सरकारचं काय तरी असतंय. हसायचं पुस्तक असतंय ह्ये मला म्हातारपणी कळलं, आन् कळलं त्ये असं कळलं की काय सांगू तुमाला.

सासरी दोगं भाऊ. थोरलं दीर, त्यास्नी समदी आबा म्हणत्यात, आन् धाकटं आमचं मालक, बिरू. सासरा लवकर गेला, आबानंच मालकास्नी खांद्यावर घिऊन मेंढरं राखली. दोगं एका ताटात जेवायची, एका घोंगड्यावर निजायची. मला नव्या नवरीला राग यायचा, सासूला म्हणायची मी, तुमच्या पोरानं लगीन माझ्याशी केलंय का भावाशी. सासू हसायची नुसती.

आता आमच्यात बोकड देवाला द्यायचं कसं असतंय त्ये सांगते, न्हायतर तुमाला पुढचं कळायचं न्हाय. बोकड देवाम्होरं उबं करायचं, हळद-कुकू लावायचं, पाठीवर पाणी वतायचं आन् हात जोडून थांबायचं. त्येनं अंग गदागदा झाडलं की देवानं घेतलं. झाडलं न्हाय तर कुणी हात लावायचा न्हाय. एका वर्साला उन्हाळा असा की दगड फुटावा, भावकी जमलेली, चुली पेटलेल्या, बायकांनी मसाला वाटून ठिवलेला, आन् बोकड अंग झाडंना! तांब्या वतला, घागर वतली, कानात फुकलं, आबानं डोईचा पटका काढून देवाम्होरं ठिवला, तर बोकडानं त्यो पटकाच चघळाय घेतला. अंग झाडंना. डोळं मिटून उबं. उन्हाचं त्येला गार पाणी ग्वाड लागत आसंल, त्ये कशाला झाडतंय. पुजारी वला, भावकी वली, चुली विझल्या. हसायचंच काम की, पण तवा कोण हसतंय.

दिस कलला, लेकरं भुकेनं रडाय लागली, आन् आबाचं डोस्कं फिरलं. म्हणालं, घरातल्या कुणाचं तरी मन खोटं हाय म्हणून देव घेईना. आन् बगितलं कुणाकडं, तर आमच्या मालकाकडं. का, तर थोडं आदी मालकांनी शब्द काढला हुता, पोरगं हाताशी आलंय, सोलापूरच्या अंगाला जाऊन काय काम बगू का म्हणून. चार माणसांत थोरल्या भावानं असं बगितलं.  सकाळी मालकांनी आपली शेळ्या-मेंढरं हाकली आन् आमी निघालो.

तवापसनं हितं सोलापूरजवळ कुंभारीला. पोराचं लगीन झालं, सून बिड्या वळती, नात झाली, पण आबाकडं सांगावा न्हाय आन् त्यांचा बी न्हाय. भावकीतली शाणी माणसं येऊन बसली, मी सोता पाया पडले मालकांच्या, न्हाय म्हंजी न्हाय. आबाची बायकू, माझी थोरली जाव, वारली तवा मालक वाडीच्या वेशीपातूर आलं, तितं उबं ऱ्हायलं, आन् मला म्हणालं तू जा. आन् माघारी फिरलं. त्या दिशी मी म्हटलं, संपलं आता, ह्यांची तोंडं एकमेकाला दिसायची न्हाईत.

नातीच्या बालवाडीत सोलापूरहून शिल्पा म्हणून एक पोरगी यायची. लेकरास्नी चित्रांची पुस्तकं दावायची, सोता बी चित्रं काढायची. एकदा मला म्हणाली, आजी, तुमी सांगा की एकादी गमतीची गोष्ट. मी बोकडाची सांगितली. लेकरं अशी हसली, अशी हसली, एक तर जमिनीवर लोळलं. मला बी चेव चढला. आबा कसं, तर काखंत छत्री, पटका एका डोळ्यावर, नाक म्हंजी वांगं, समदं करून दावलं. पोरगी बी हसत हुती आन् हात चालत हुता तिचा कागदावर.

मग एक दिस त्येचं पुस्तकच घिऊन आली, छापलेलं, रंगीत. मी पान उलटलं आन् वरडलेच की वो! आबा! काखंत छत्री, वांग्यागत नाक, पटका बोकडाच्या तोंडात! म्हटलं, आगं पोरी, काय केलंस ह्ये, ह्यो माणूस जित्ता हाय! तिचं तोंड पांढरंफटक पडलं. म्हणाली, आजी, मला वाटलं जुनी गोष्ट हाय, पुस्तकं तर शाळांत गेली, सांगोल्याकडं बी गेली.  पुस्तक ज्वारीच्या डब्यात खुपसलं, मालकास्नी कायच बोलले न्हाय.

पंधराएक दिस गेलं आसतील. दुपारचं अंगणात ज्वारी निवडत हुते, मान वर केली तर बोळाच्या तोंडाला काखंत छत्री आन् डोळ्यावर पटका. देवाशपथ सांगते, मला वाटलं पुस्तकातनंच उतरून आलं. हातातलं सूप सांडलं. डोईवर पदर घिऊन दाराआड झाले, त्यांच्याम्होरं मी कदी उबी ऱ्हायली न्हाय. मालक शेळी बांदत हुतं, त्ये तसंच वाकलेलं ऱ्हायलं.

आबा बाजंवर बसलं. पाणी नगं म्हणालं. पिशवीतनं पुस्तक काढलं आन् मला म्हणालं, ह्ये तू सांगितलंस? म्हटलं, व्हय आबा, चुकलं, पदरात घ्या. त्ये म्हणालं, शाळंतली पोरं माझ्यामागं पळत्यात, आबा, बोकड झाडलं का म्हणून. माझी पणती बी त्यांच्यात. मी म्हटलं आता ही छत्री कुणाच्या पाठीत बसती.

तर आबानं पान उघडलं आन् मालकाम्होरं धरलं. म्हणालं, ह्यो मी. माझं नाक असंच हाय, त्येचं काय न्हाय. ह्यो पुजारी. ह्ये बोकड. आन् बिरू कुटं हाय? पुढचं पान उलटलं. ह्यात न्हाय. आनी एक उलटलं. ह्यात बी न्हाय. शेवटापातूर गेलं आन् वरडलं, त्या दिशी बोकडाची दोरी धरून माझ्या शेजारी कोण उबं हुतं? मला एकट्याला का उबं केलंय हितं?

मीच गाळलं हुतं वो मालकास्नी. पोरं ह्यांस्नी हसतील आन् जुनी जखम उघडी व्हईल म्हणून. मला काय ठावं, ह्यो माणूस वाडीत बसून पानापानावर भावाला हुडकतोय!  

मालक उठलं. एवढ्या वर्सांनी पहिला शब्द. म्हणालं, दोरी मीच धरली हुती, आबा.

आबा रडलं. लहान लेकरागत, पटक्यात तोंड घालून. मालक शेजारी टेकलं, आन् मी दाराआड पदर तोंडात धरला.

मग आबानं आमच्या नातीला हाक मारली, तिचं रंगीत खडू आणाय लावलं. म्हणालं, ह्या पानावर तुझा आजा काढ, हितं, माझ्या अंगाला लावून. तिनं काढला, पोट घागरीएवढं आन् पाय काड्यागत. मालक म्हणालं, मी काय एवढा जाड हाय व्हय. आबा म्हणालं, हायस. मी हसू का रडू, मलाच कळंना.

आता दर आठवड्याला येत्यात आबा, यष्टीनं. येत्यात आन् भांडत्यात बगा दोगं, बाजंवर बसून, तांब्या आदी वतला का घागर, पुजारी कुटल्या अंगाला हुता. शेजारीण म्हणती, कशाला वो ह्ये म्हातारपणी भांडाण. म्हटलं, भांडू दे बाई. लई वर्सं ह्या घरात भांडाण ऐकाय आलं न्हाय. देवाकडं एवढंच मागते, दोगास्नी न्यायची घाई करू नगंस, त्यांचं बोलायचं लई ऱ्हायलंय.