डोंगरावरचं गरम पाणी

कुशाबाईंनी डिंभ्याच्या स्टँडवर नवऱ्याला कायमचं सोडलं. पण एसटी आली नव्हती, म्हणून तसं काही घडलंच नाही असं धरून दोघं एकाच बाकावर बसली. शेजारी त्यांच्या ओळखीची हर्षाली होती. ती घोडेगावच्या तहसीलबाहेर लोकांचे अर्ज लिहायची, त्यामुळे दुसऱ्यांची भांडणं ऐकायची तिला सवय होती.

“असले गुडघे घेऊन चार तास डोंगर चढवलात मला!”

“अगं, मोबाईलच्या नकाशावर गरम पाण्याचा झरा लिवलाय. म्हटलं, तुझं गुडघं शेकून निघत्याल.”

“बर्फागत व्हतं पाणी!”

“आज ऊन कमी व्हतं.”

“नकाशावर लिवलं कुणी?”

“मीच. म्हटलं, पावणं येतील, मग एसटी तरी वेळेवर येईल.”

“अन् सोताच इसरलात?”

“इसरलो न्हाई. पण नकाशावर माझ्या लिवण्याखाली चाळीस जणांनी लिवलंय, आंघोळीनं गुडघं बरं झालं. एवढी माणसं खोटं बोलत्यात व्हय? मला वाटलं, झाला असंल गरम.”

“पोरी, काढ कागुद! लिही सायबाला!”

हर्षालीने पेन काढलं आणि कुशाबाईंचा संताप नेहमीच्या नमुन्यात बसवला:

‘अर्जदाराच्या पतीने नोंदवलेला सदर झरा तातडीने गरम करण्यात यावा, व तोपर्यंत सदर पती शासनाने आपल्या ताब्यात ठेवावा, ही नम्र विनंती.’