दहावी ओळ एलादिओची नाही

समारंभाच्या अध्यक्षा डोन्या ओब्दुलिया, व्यासपीठावरचे मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते प्राध्यापक डॉन एवारिस्तो, आणि डोंगर उतरून आलेले माझे गावकरी, सर्वांना नमस्कार.

मी आयुष्यभर औषधाचं दुकान चालवलं. कवितेतलं मला फारसं कळत नाही. पण माझा भाऊ एलादिओ गात असे. त्याला जाऊन वर्षही झालेलं नाही, म्हणून आज मला इथे उभं केलं आहे.

प्राध्यापकांनी आपल्या पुस्तकात त्याच्या एका गाण्याचं, देसिमाचं, रसग्रहण केलं आहे. रचना अचूक सांगितली: दहा ओळी, ओळीत आठ अक्षरं, पहिलीचं यमक चौथी-पाचवीशी. मग भाव सांगितला: कृतज्ञता. आधार शेवटच्या ओळीचा, ‘धन्याची ही सारी कृपा’.

डॉन एवारिस्तो, ती ओळ एलादिओची होती का?

आपल्याकडे शेवटची ओळ समोरचा देतो. आधीच्या नऊ गाणाऱ्याने उभ्या उभ्या रचायच्या. कॉफीची तोडणी संपल्याच्या जेवणात ही ओळ मळ्याचे मालक डॉन फुल्हेन्सिओ यांनी दिली. क्वात्रोच्या तारा वाजत होत्या तेवढाच काय तो विचाराला वेळ. एलादिओने टोपी काढली आणि मालकांनी आमचं काय काय नेलं ते गायला लागला. शेवट असा:

झरा नेला त्यांच्या दारी,
रित्या आमच्या घागरी,
धन्याची ही सारी कृपा.

सगळं अंगण हसलं. आई तेवढी पुटपुटली, “मेल्या, उद्या खाशील काय?” सकाळी त्याचं काम गेलं. या खोऱ्यातल्या कुठल्याच मळ्यावर त्याला पुन्हा कुणी उभं केलं नाही.

आणि प्राध्यापक, तुम्ही तेव्हा नवे मास्तर होता, माझ्या शेजारी उभे. हसून हसून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “कासिल्दा, तुझ्या भावाने धन्याला त्याच्याच तोंडाने स्वतःला शिव्या घालायला लावल्या गं!” हे तुमचेच शब्द. हा भाव पुस्तकात कुठे गेला?

काल दुकानात विचारलं, तर म्हणालात, “अगं, वाचनालय त्याच घराण्याने बांधून दिलंय. जाऊ दे ना आता.”

वाचनालयाच्या दगडावर तेवढी एकच ओळ कोरली आहे, खाली माझ्या भावाचं नाव. त्या दगडावरचा पडदा आज मी ओढायचा आहे म्हणे.

मी ओढणार नाही. वरच्या नऊ ओळी कोरा, नाहीतर एलादिओचं नाव खरवडून काढा. तोवर पडदा डॉन फुल्हेन्सिओंच्या नातवाने ओढावा. ओळ त्यांच्याच घरची आहे.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. सभेत बोलायची मला सवय नाही. कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. कवितेबद्दल बोलले त्यातला एक शब्दही मात्र मी मागे घेत नाही.