हॉलतिकिटाचा कोपरा

आमच्या क्लासच्या सरांची गंमत सांगितली का तुम्हाला? पारनेरला मी पोलीस भरतीची तयारी करत होते. माझ्या वयात बसणारी ती शेवटची भरती, आणि गणितात माझी बोंब. सर म्हणाले, "आत कोनमापक नेता येत न्हाई, पन हॉलतिकिटाचा कोपरा काटकोनच असतो. तो आकृतीवर ठेवा, चुकीचे पर्याय आपोआप गळतील."

आम्ही खूश! पुढच्या सराव पेपरात त्रिकोणाचा वरचा कोन विचारला होता. अख्ख्या वर्गानं नव्वद लिहिलं.

सर तापले. "खालचे दोन्ही कोन पंचावन्न दिलेत. मग वरचा सत्तर व्हनार का नव्वद? एकमेकांचं बघून लिवलं व्हय?"

मी उठले. "न्हाई सर, कोपरा लावला. तंतोतंत बसला."

सरांनी स्वतः कोपरा लावून पाहिला, तर खरंच बसला. त्या पेपरातल्या आकृत्या त्यांनीच हातानं काढल्या होत्या.

खऱ्या परीक्षेतही तसाच त्रिकोण आला. खालचे दोन्ही कोन पंचेचाळीस. मी आधी हिशेबानं वरचा नव्वद काढला, मग कोपरा लावून ताडून पाहिला. अगदी जुळला! तिथून पेपर भराभर सुटत गेला.

बाहेर सर उभेच होते. "कोपरा लावला का गं?"

"लावला, पन आधी गनित सोडवलं."

"का? तिथली आकृती छापील असती की."

"व्हय सर, पन म्हनलं, हीबी तुमीच काढली असली तर?"