मागचं डावं दार

हॅलो? … हो ताई, बोल… नाही गं, निघालो नाही अजून. शोरूमच्या मागे यार्डात उभी आहे. उन्हात.

अगं, ओवाळायचं ताट झाकून ठेव तू… हो, मुहूर्त टळला, माहितीये मला. बारा चाळीसचा. टळू दे.

नाही, भांडण नाही झालं… म्हणजे झालं, पण माझं नाही. आमच्या सासूबाईंनी… हो, मंगलाबाईंनीच. हसू नकोस. ऐक ना.

आधीपासून सांगते. दहाला आलो आम्ही. तो प्रफुल्ल नाही का, सेल्सवाला… हो, तोच, ज्याने मागच्या महिन्यात तीन हेलपाटे मारायला लावले. आजही तेच. गाडी धुतायत, पाच मिनिटं. पॉलिश चालू आहे, पाच मिनिटं. तीन वेळा कॉफी पाजली. आणि बोलणार कोणाशी? माझ्या नवऱ्याशी, अमितशी. सर, मायलेज असं, सर, सर्व्हिस तशी. अगं, गाडी माझ्या नावावर, हरसूलच्या शाळेत रोज जाणार मी, चार वर्षं काळीपिवळीत वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले मी… आणि हा मला विचारतो, मॅडम, सीटकव्हरला कुठला रंग?

हो ना… मग काय, आणली एकदाची गाडी. मोतिया पांढरी. वर लाल रिबीन. ती पुठ्ठ्याची हातभर चावी देऊन आमचा फोटोसुद्धा काढला. मी सही करायला पेन उघडलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "थांब जरा."

नाही, मोठ्याने नाही. त्या कधी मोठ्याने बोलतात? पदर खोचून गाडीभोवती एक फेरी मारून आल्या होत्या. म्हणाल्या, "ह्या मागच्या दाराचा रंग येगळा हाय."

मला? छे. मला नाही दिसला, अमितला नाही… प्रफुल्ल म्हणाला, काकू, ट्यूबलाइटमुळे वाटतंय तुम्हाला. आणि मी… ताई, मी काय बोलले माहितीये? आई, जाऊ द्या ना, मुहूर्त टळतोय. सगळ्यांसमोर. सकाळी तर मी त्यांना आणायलाच तयार नव्हते. त्यांना काय कळणार शोरूममध्ये, म्हटलं.

हो… लाज वाटतेय. वाटू दे.

तर त्या म्हणाल्या, "टूबलाइटीनं वाटतंय ना? मग उन्हात काढा."

काढली ना. काढावीच लागली, त्या जागच्या हलेनात. उन्हातही मला सगळं पांढरंच. मग त्यांनी मला दंडाला धरून तिरकं उभं केलं. म्हणाल्या, आता बघ. आणि अगं… दिसलं. सगळी गाडी दुधासारखी, आणि ते एकच दार सायीसारखं. दाराच्या रबराखाली नख घातलं त्यांनी, तर आत रंगाचा वाळलेला ओघळ. प्रफुल्लला एवढंच म्हणाल्या, "एका घडाला दोन मळ्यांचे मणी कसे लागले, भाऊ?"

अगं, पिंपळगावला… द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला होत्या ना त्या. बावीस हंगाम, ताई. परदेशी जाणारा माल. घड हातात फिरवायचा आणि वेगळ्या रंगाचा मणी कात्रीने काढायचा, दिवसभर उभं राहून. एक राहिला तर पेटी परत. लग्न ठरताना ऐकलं होतं मी, सासू पॅकहाउसला जाते. म्हटलं, जात असतील पोटापाण्याला. ही अशी नजर असते त्यामागे… मला खरंच माहीत नव्हतं गं.

मग मॅनेजर आला… हो, केलं कबूल. ट्रेलरमधून उतरवताना दार घासलं होतं, रंगवून घेतलं. छोटी गोष्ट आहे म्हणाला. आई म्हणाल्या, "छोटी व्हती तर सांगायची व्हती." बस्स, एवढंच. त्याने लगेच दुसऱ्या गाड्या काढायला सांगितल्या.

नाही, आज नाही येत गाडी. दुसरी घ्यायची, पासिंग परत, आठवडा जाईल… जाऊ दे. आठवडाभर काळीपिवळी.

आत्ता? आत्ता सहा पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या केल्यात. पुढे आई, डोक्यावर पदर घेऊन. मागे मॅनेजर, प्रफुल्ल, अमित. आई एकेका गाडीशी थांबतात, मान तिरकी करतात, पुढे जातात. मी नुसती बघत उभी आहे. चार वर्षं एका घरात राहतो गं आम्ही… चौथी… नाही, चौथीही नको म्हणाल्या.

थांब, थांब… मला हाक मारतायत… हो, आले आई…

ताई, प्रफुल्ल कागद घेऊन अमितपुढे पेन धरत होता. आईंनी ते काढून घेतलं त्याच्या हातातून. मला देतायत… काय म्हणालात, आई? …

म्हणतायत, राहिलेल्या दोन तू बघ. सही तुझी हाय.

ठेवते गं.