आईने जरा आत बसावे

...आणि वर्षभर गोड सोडलं हो मी! नवसच बोलले होते, 'देवा, आमच्या लेकीला बोलतं कर.' पंधरा वर्षांची पोर, विचारलं की 'काही नाही', पुन्हा विचारलं की 'काही नाही गं आई!' गोड सुटलं, तोंड काही उघडलं नाही. मी काय परकी आहे का?

परवा ती आरोग्याच्या पाहणीवाली बाई आली. मुलांना खासगी प्रश्न विचारते म्हणे. मी आपली लेकीला खेटून बसले. बाई विचारते, "झोप लागते का?" मी म्हटलं, "लागते की, घोरते चांगली!" "कधी उदास वाटतं?" "छे हो, तिला कशाला वाटेल?" लेक आपली माझ्या तोंडाकडे बघून 'नाही, नाही, नाही'! शेवटी बाई म्हणते, "काकू, तुम्ही जरा आत बसा. आई शेजारी असली की सगळी मुलं अगदी ठणठणीत असतात." आत! माझ्याच घरात! मी काय परकी आहे का?

मग तिनं प्रश्न ऐकायला लेकीच्या कानाला हेडफोन लावले, हातात ती पाटीसारखी स्क्रीन दिली, आणि स्वतःसुद्धा पाठ फिरवून बसली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघतेय... पोर बोटानं उत्तरं देतेय, देतेय, आणि मध्येच बाहीनं डोळे पुसतेय! बाई निघाली तशी जिन्यात गाठलं. "काय सांगितलं हो तिनं?" तर म्हणते, "ते मलाही दिसत नाही, काकू. म्हणून तर सांगतात." म्हणजे यंत्राला सांगायचं, आईला नाही! अहो, परकी असते तर बरं झालं असतं!

तुम्हाला सांगते, रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी देवापुढे उभी राहिले, गोड सोडून भागलं नाही म्हणून दुपारपर्यंतचं मौनच धरलं, आणि लेकीकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत बसले. बऱ्याच वेळानं मागून आवाज, "आई, आज तू खरंच बोलणार नाहीस? ...मला ना, सारखं रडू येतं. शाळेत डबा एकटीच खाते मी. डॉक्टरांकडे येशील माझ्याबरोबर?"

अगंबाई! पोटात शंभर प्रश्न, आणि तोंडाला मौन! एकाच टॉवेलची घडी घालतेय, मोडतेय, पुन्हा घालतेय... आणि मान हलवतेय, येईन गं, येईन!

आज जाऊनही आलो. डॉक्टरीणबाई पहिलं काय म्हणाल्या? "आईने जरा बाहेर बसावे." बसले! पण घरी येताना राहवलं नाही हो, विचारलंच, "काय म्हणाल्या गं?" झालं! "काही नाही."

म्हणून उद्यापासून पुन्हा मौन, आणि म्हणूनच आज तुमच्याशी एवढं बोलून घेतलं. तुमच्याही घरी असं 'काही नाही' असेल, तर धरा हो एखादं मौन. आणि मौन सुटल्यावर, निदान तुम्ही तरी, विचारू नका!