शेवटचे दोन डाव

बॉल्टिमोरच्या बेसबॉल मैदानाबाहेर तिकिटांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. रोझलिनच्या पुढे दोन म्हातारे मित्र उभे होते. एकाला दुसरा कॅझ म्हणत होता, आणि बोलायला सुरुवातही त्यानेच केली.

"सलग अकरा सामने हरलेत, कॅझ. आणि आपण भर उन्हात तिकिटं काढतोय. आपल्यासारखे गाढव आपणच!"

"हरू देत."

"हे तू म्हणतोस? गेल्या वर्षी रेडिओ फोडायला निघाला होतास."

"फोडला नाही रे लमार, बंद केला. हेलन दवाखान्यात होती ना, तिच्या खोलीत. पाच धावांनी मागे होते आणि दोनच डाव उरले होते. म्हटलं, हे कुठले जिंकतायत!"

"मग?"

"तिचा डोळा लागला होता. संध्याकाळी जाग आली तर पहिलं विचारलं, 'काय झालं?' मी म्हणालो, 'हरले, दुसरं काय होणार!' ती म्हणाली, 'बिचारी पोरं.' आणि पुन्हा झोपली. ती उठलीच नाही."

लमारने डोक्यावरची टोपी काढली. कॅझ पुढे बोलत होता.

"दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. एका धावेनं जिंकले होते."

रोझलिनने उगाचच चष्मा काढून पुसला. रांग पुढे सरकली, पण तिघांपैकी कोणीच हललं नाही.

"मनाला लावून घेऊ नकोस, कॅझ. चाळीस वर्षांच्या संसारात ती हरल्याचंच ऐकत आली. तिला सवय होती."

"सवय होती रे. म्हणून तर एकदा 'जिंकले' असं सांगायचं होतं."