सेकंड इयरचे नंबर

त्या दिवशी सकाळपासून लू, म्हणजे गरम वारा, चालली होती, त्यात वीज गेलेली, म्हणून कॉलेजवाल्यांनी दार उघडंच ठेवलं होतं. माझी नात सुमन वकिलीच्या ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूला आत, मी दाराबाहेरच बाकावर, सगळं ऐकू येत होतं.

साहेबांनी विचारलं, "सेकंड इयर में इतने कम नंबर क्यों?"

ती म्हणाली, "पढ़ाई नहीं की, सर."

अहो, त्या वर्षी मी लकवा मारून पडलो होतो. मला उठवणं, भरवणं, सगळं तिनंच केलं.

टावर चौकात टेम्पोची वाट बघताना मी म्हटलं, "अगं, सांगितलं का नाहीस?"

"आजोबा, घरातलं दुखणं बाहेर सांगू नये, असं तुम्हीच म्हणता ना?"

ॲडमिशन काही झाली नाही. शेजारच्या मालतीबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "अण्णा, तिला तुमच्या सांगण्यानं अडवलं. तुम्हाला हो कोणी अडवलं होतं?"